ब्लिक्लिंगचा वाडा

लॉर्ड लोथियन हें नांव मराठी वाचकांस अगदींच अपरिचित नाहीं. १९३२ सालीं हिंदुस्थानांतील मताधिकाराची चौकशी करण्याकरितां जी समिति विलायतेहून आली, तिचे ते अध्यक्ष होते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे त्या समितीचे एक सभासद होते. मतदारांची संख्या सुमारें ७० लाखांवरून ३ कोटी ६० लाखांपर्यंत वाढवावी, अशी शिफारस तिनें केली. आमच्या राजकीय इतिहासांत लोथियनसाहेबांचें नांव बहुधा येथेंच येतें व येथेंच संपतें. त्यांच्या स्वतःच्या देशांत मात्र तें आज निराळ्याच कारणानें घेतलें जातें. इंग्लंडच्या पूर्वेस नॉर्फोक परगण्यांत, बुअर नांवाच्या लहानशा नदीच्या खोऱ्यांत, ब्लिक्लिंग हॉल म्हणून एक चारशें वर्षांचा वाडा उभा आहे. तो वाडा वांचला तो लोथियनसाहेबांमुळें. आणि तो ज्या युक्तीनें वांचला, त्याच युक्तीनें पुढें असे शेंकडों वाडे वांचले. ही युक्ति दिसावयास साधी आहे. घर राखावयाचें असेल तर घरधन्यानें आपलें धनीपण सोडलें पाहिजे. हें बोलणें सोपें, करणें कठीण. तें कसें घडलें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम वाड्याची ओळख करून घेऊं. आज जो वाडा दिसतो त्याच्या आधीं त्याच जागीं एक जुनें खंदकाचें घर होतें. पंधराव्या शतकाच्या मध्यास तें सर जॉन फास्टॉल्फ या लढवय्याच्या हातीं होतें. शेक्सपियरच्या फॉल्स्टाफ या पात्राचें नांव याच्याच नांवावरून आलें, असें मानतात. त्याच्याकडून तें घर जेफ्री बुलिन नांवाच्या लंडनच्या व्यापाऱ्यानें विकत घेतलें. हा बुलिन पुढें लंडनचा नगराध्यक्ष झाला, आणि त्याची पणती ॲन ही आठव्या हेन्रीची राणी होऊन अखेर वधस्तंभाशीं गेली. तिचा जन्म ब्लिक्लिंग येथेंच झाला, असें बहुतेक अभ्यासक धरून चालतात. वाड्यांतील तिच्या कोरीव आकृतीखालीं जन्मसाल १५०७ असें घातलें आहे. परंतु ती आकृति तिच्या मरणानंतर दोनशेंहून अधिक वर्षांनीं बसविलेली, आणि सालाबद्दल इतिहासकारांचें एकमत नाहीं. १९ मे या तिच्या वधाच्या तिथीस ती आपलें शिर मांडीवर घेऊन गाडींतून वाड्यापाशीं येते, अशी गांवची दंतकथा आहे. जुन्या वाड्यास भूत नसलें तर लोकांस चैन पडत नाहीं, हें दोन्ही देशांत सारखेंच आहे.

आजचा वाडा उभा केला तो सर हेन्री होबार्ट यानें. हा जन्मानें मोठा सरदार नव्हे. तो वकिलीच्या बळावर वर चढलेला गृहस्थ. पहिल्या जेम्स राजाच्या कारकीर्दींत तो ‘कॉमन प्लीज’ या न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश होता. १६१६ सालीं त्यानें ब्लिक्लिंगची जहागीर खरेदी केली आणि तीन वर्षांच्या आंत बांधकामास हात घातला. याकरितां त्यानें रॉबर्ट लिमिंज या कारागिरास बोलाविलें. रॉबर्ट सेसिल या प्रधानाचा हॅटफील्ड येथील प्रसिद्ध वाडा याच लिमिंजनें बांधला होता. होबार्ट १६२५ सालीं वारला, तेव्हां त्याला आपल्या नव्या घराचें सुख फार दिवस मिळालें नाहीं. लिमिंजहि पुढें तेथेंच वारला, आणि ब्लिक्लिंगच्या देवळाच्या दफ्तरांत त्याच्या नांवापुढें या वाड्याचा शिल्पकार व बांधणारा अशी नोंद झाली. ज्या काळांत गवंड्याचें नांव धन्याच्या नांवामागें हटकून लोपत असे, त्या काळांत ही नोंद लहान गोष्ट नव्हे.

लिमिंजपुढें एक अडचण होती. जुन्या घराचा खंदक कायम ठेवून त्याच्या आंतच नवें घर बसवावयाचें होतें. त्यामुळें वाडा रुंदीला कमी आणि खोलीला जास्त झाला. एकामागें एक दोन चौक ठेवून त्यानें ही लांबट जागा भरून काढली. दुसरी अडचण दगडाची. नॉर्फोकमध्यें गारगोट्या हव्या तितक्या आहेत, पण बांधकामाचा चांगला दगड नाहीं. म्हणून वाड्याचें अंग तांबड्या विटांचें, आणि दगड बाहेरून आणून तो फक्त खिडक्यांच्या चौकटींस, कोपऱ्यांस व दरवाजास लावलेला. चार कोपऱ्यांस चार चौकोनी मनोरे असून त्यांवर घंटेच्या वळणाचे, शिशाच्या पत्र्यानें मढविलेले कळस आहेत. छपराच्या कडेस हॉलंडच्या धर्तीच्या वळणदार त्रिकोणी भिंती आहेत. रस्त्यावरून पाहणाऱ्यास दोहों बाजूंस नोकरचाकरांच्या लांब इमारती, त्यांच्या पुढें यू नांवाच्या सदाहरित झाडांचीं भिंतीसारखीं कातरलेलीं प्रचंड कुंपणें, आणि या दोन ओळींच्या शेवटीं वाड्याचें तांबडें मुख असें दृश्य दिसतें. घराची योजना आंतल्या सोयीपेक्षां बाहेरून येणाऱ्याच्या डोळ्यांसाठीं किती केलेली आहे, हें या एका दृश्यावरून समजतें. नव्यानें वर आलेल्या मनुष्यास आपण वर आलों आहों हें लोकांस दाखवावयाचें असतें, आणि विटा व दगड यांसारखे दुसरे साक्षीदार नाहींत.

आंतील सर्वांत नामांकित जागा म्हणजे वरच्या मजल्यावरील लांब दालन. त्याची लांबी १२३ फूट. पावसाळी दिवसांत घरांतील माणसांनीं येरझाऱ्या घालाव्या, चित्रें पाहावीं, गप्पा माराव्या, यासाठीं त्या काळीं अशीं दालनें बांधीत. या दालनाचें छत एडवर्ड स्टॅनियन नांवाच्या गिलावा करणाऱ्या कारागिरानें चुन्याच्या उठावाच्या नक्षीनें भरून काढलें. मध्यभागीं पंचेंद्रियांच्या आकृति आहेत. भोंवतीं विद्या, सद्गुण, धैर्य यांचीं सांकेतिक चित्रें आहेत. यांपैकीं बरींचशीं चित्रें हेन्री पीचम याच्या १६१२ सालीं छापलेल्या एका चित्रबोधाच्या पुस्तकावरून घेतलेलीं आहेत. म्हणजे न्यायाधीशाच्या घरचें छत हेंसुद्धां एक वाचावयाचें पुस्तकच होतें.

अठराव्या शतकांत होबार्टच्या वंशजांस बकिंगहॅमशायरचे अर्ल हा किताब मिळाला, आणि वाड्यांत मोठे फेरफार झाले. सर रिचर्ड एलिस नांवाच्या विद्वान् नातेवाइकाचा ग्रंथसंग्रह १७४२ सालीं घरांत आला. बारा हजारांच्या आसपास पुस्तकें ठेवावयाची कोठें? तेव्हां लांब दालनाचें ग्रंथालय झालें. दुसरा अर्ल १७६२ ते १७६५ पर्यंत रशियाच्या दरबारीं इंग्लंडचा वकील होता. त्याला कॅथरीन राणीनें पीटर बादशहाचें पोल्टाव्हाच्या रणांगणावरील अश्वारूढ चित्र विणलेला मोठा पडदा नजर केला. तो टांगण्यासाठीं वाड्यांत एक खास दिवाणखाना सजविला गेला. हें काम नॉरिच शहरच्या टॉमस आयव्हरी व विल्यम आयव्हरी या बापलेकांकडे होतें. त्यांनीं जुना जिना त्याच्या जागेवरून काढून मुख्य दिवाणखान्यांत आणला आणि दोहों अंगांनीं चढणारा असा केला. परंतु जेथें नवे खांब व नव्या आकृति लागल्या तेथें त्या जुन्याच वळणाच्या बनविल्या. त्या काळीं ग्रीक-रोमन धर्तीची सर्वत्र चलती होती, आणि जुनें पाडून नवें बांधणें हें रसिकतेचें लक्षण समजलें जात असे. अशा वेळीं दीडशें वर्षांपूर्वींच्या कामाशीं आपलें काम जुळवून घेणें, हा आमच्या मतें जतनाचाच एक प्रकार होय. कायदा तर पुढें आला. ही बुद्धि त्याच्या आधीं आली.

हा वाडा तीनशें वर्षें एकसंध राहिला याचें एक कारण इंग्रजांच्या वारसापद्धतींत आहे. तेथें मोठी मिळकत एकाच्याच हातीं जाई. दुसऱ्या अर्लास मुलगा नव्हता, तेव्हां ब्लिक्लिंग त्याच्या मुलीकडे गेलें. तिला मूल नव्हतें, तेव्हां १८५० सालीं तें स्कॉटलंडांतील लोथियन घराण्यांतील एका नातवंडाकडे गेलें. नांवें बदललीं, पण हिस्से पडले नाहींत. ज्या देशांत वडिलांच्या मागें घराचे चार भाग होतात, त्या देशांत ब्लिक्लिंगसारखा वाडा तीन पिढ्यांपलीकडे जसाच्या तसा क्वचितच टिकतो, हें मराठी वाचकांस सांगावयास नको.

परंतु ज्या एकहाती मालकीनें वाडा राखला, तीच मालकी पुढें त्याच्या जिवावर उठली. १८७० नंतर अमेरिकेचें धान्य स्वस्त दरानें येऊं लागलें आणि इंग्लंडच्या जमीनदारांचे खंड घसरले. १८९४ सालीं मृताच्या मिळकतीवरील कराची नवी व्यवस्था झाली. आरंभीं त्याचा वरचा दर शेंकडा ८ होता. तो १९१९ सालीं ४० आणि १९३० सालीं ५० झाला. पहिल्या महायुद्धांत बाप व मुलगा पाठोपाठ गेले तर एकाच घराला हा कर दोनदां भरावा लागे. नोकरचाकर मिळेनासे झाले. याचा परिणाम उघड होता. नॉर्फोकमधील कॉस्टेसी हॉल हा विस्तीर्ण वाडा त्या महायुद्धानंतर पाडण्यांत आला. नॉटिंगहॅमशायरमध्यें नटॉल टेंपल हा इटालियन धर्तीचा घुमटाचा वाडा होता. १९२९ सालीं त्यांतील विकण्याजोगें तेवढें विकून बाकीचा पाडून टाकला. विसाव्या शतकांत एकट्या इंग्लंडांत असे हजाराहून अधिक वाडे नाहींसे झाले. १९७४ सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांत या नष्ट झालेल्या घरांचें प्रदर्शन भरलें, तेव्हां लोकांस या हानीची खरी कल्पना आली.

कायदा या वेळीं काय करीत होता, असा प्रश्न कोणी विचारील. कायदा होता, पण राहत्या घराच्या उंबरठ्याबाहेर उभा होता. १८८२ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यानें प्रागैतिहासिक दगड व टेकाडें यांची काळजी घेतली. १९१३ च्या कायद्यानें त्याचें क्षेत्र वाढविलें. हा दुसरा कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्यांत लॉर्ड कर्झन प्रमुख होते. १९०४ सालीं हिंदुस्थानांत प्राचीन इमारतींच्या रक्षणाचा कायदा त्यांच्याच कारकीर्दींत झाला होता. तेव्हां या बाबतींत आमच्याकडचा अनुभव त्यांच्या देशाच्या उपयोगीं पडला असें म्हणतां येईल. परंतु ज्या घरांत माणसें राहतात तें घर १९१३ च्या कायद्यांतूनहि वगळलेलें होतें. इंग्रजाचें घर हा त्याचा किल्ला, ही त्यांची समजूत. आणि किल्लेदारानेंच किल्ला पाडावयाचें ठरविलें तर त्यास अडविणार कोण?

अशा वेळीं, १९३० सालीं, चुलत घराण्यांतून लोथियन हा किताब व त्यामागची मिळकत एका अविवाहित राजकारणी गृहस्थाकडे आली. हेच आमचे लोथियनसाहेब. लॉइड जॉर्ज यांचे खासगी चिटणीस म्हणून ते पूर्वींच प्रसिद्ध होते. वारसा आला तो वाड्यांसह आणि करासह. कर भरण्यासाठीं त्यांना वडिलोपार्जित ग्रंथांतील उत्तमोत्तम ग्रंथ विकावे लागले. ज्या १९३२ सालीं ते हिंदी मतदारांची गणती करीत होते, त्याच सालीं न्यूयॉर्क शहरीं त्यांच्या पुस्तकांचा लिलांव झाला. त्यांत आठव्या शतकांतील स्तोत्रांचें एक हस्तलिखित होतें, आणि दहाव्या शतकांतील प्राचीन इंग्रजी प्रवचनांची पोथी होती. इंग्रजी भाषेच्या अभ्यासकांत ती ‘ब्लिक्लिंग प्रवचनें’ म्हणून विख्यात आहे. आज पहिलें न्यूयॉर्क येथें मॉर्गन यांच्या ग्रंथालयांत आहे व दुसरी प्रिन्स्टन विद्यापीठांत आहे. पोथ्या सुरक्षित आहेत, हें खरें. पण घराचें नांव पोथीस राहिलें आणि पोथी घरास राहिली नाहीं. घर मोडतें तें नेहमीं भिंतीपासूनच मोडतें असें नाहीं. पुष्कळदां तें कपाटांपासून मोडावयास लागतें.

या अनुभवानें लोथियनसाहेबांस विचार करावयास लाविलें. १८९५ सालीं ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर व हार्डविक रॉन्सली या तिघांनीं ‘नॅशनल ट्रस्ट’ ही संस्था स्थापिली होती. १९०७ च्या कायद्यानें तिला असा विलक्षण अधिकार मिळाला होता, कीं ट्रस्टनें एखादी जागा अहस्तांतरणीय म्हणून जाहीर केली कीं ती कधींहि विकतां अगर गहाण टाकतां येऊं नये. परंतु तिचें लक्ष मुख्यतः डोंगर, किनारे व लहान जुनीं घरें यांकडे होतें. १९३४ च्या जुलैमध्यें या संस्थेच्या वार्षिक सभेंत लोथियनसाहेबांनीं भाषण केलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : हे वाडे, त्यांतील चित्रें व सामान, आणि भोंवतालच्या बागा हें सर्व मिळून एकच वस्तु आहे, कराच्या भारानें ती एका पिढींत नाहींशी होईल, तेव्हां धन्यानें वाडा ट्रस्टला द्यावा, त्यासोबत त्याच्या निगेसाठीं उत्पन्नाची तरतूद करून द्यावी, सरकारनें अशा दानावरील कर माफ करावा, कुटुंबास तेथें राहूं द्यावें, आणि ठराविक दिवशीं लोकांस आंत सोडावें. १९३७ सालीं पार्लमेंटनें कायदा करून या योजनेस वाट करून दिली. १९३९ सालीं आणखी एक कायदा करून वंशपरंपरेनें बांधलेल्या मिळकतींची अडचण दूर केली.

उपदेश करणारे पुष्कळ असतात. लोथियनसाहेबांनीं प्रथम स्कॉटलंडांतील आपला न्यूबॅटल ॲबे हा वाडा प्रौढांच्या शिक्षणासाठीं देऊन टाकला. नंतर ब्लिक्लिंगचें मृत्युपत्र केलें. त्यांच्या राजकारणाविषयीं दुमत आहे, आणि असावयासच पाहिजे; जर्मनीच्या हेतूंविषयीं त्यांचा १९३५ ते १९३८ मधील अंदाज साफ चुकला. पुढें अमेरिकेंतील वकील म्हणून इंग्लंडास साह्य मिळविण्यांत त्यांनीं त्याची बरीच भरपाई केली. १२ डिसेंबर १९४० रोजीं वॉशिंग्टन येथें ते वारले. त्यांच्या धर्मपंथास औषधोपचार मान्य नव्हता, म्हणून त्यांनीं वैद्य बोलाविला नाहीं. मृत्युपत्रानें वाडा, त्यांतील सर्व सामान आणि सुमारें ४,७०० एकर जमीन ट्रस्टकडे आली. ही जमीन येथें महत्त्वाची आहे. वाडा हा खर्चाचा धनी. शेतें व घरें यांचा खंड आला तरच तो उभा राहतो. वाडा आणि त्याला पोसणारी जमीन एकत्र देणें, हें या दानाचें खरें मर्म होतें.

त्या वेळीं महायुद्ध चालू होतें. शेजारच्या उल्टन येथील विमानतळाचे अधिकारी वाड्यांत उतरत आणि जेवीत; तळ्यांत वैमानिकांस होडीचे धडे देत. युद्धानंतर वाडा कांहीं वर्षें भाडेकऱ्यांकडे होता. १९६२ पासून तो लोकांस नीटपणें खुला झाला. एव्हांना कायदाहि जागा झाला होता. १९४४ व १९४७ च्या नगररचनेच्या कायद्यांनीं ऐतिहासिक इमारतींची यादी करण्याची व्यवस्था झाली, आणि १९५३ च्या कायद्यानें सरकारी मदतीची सोय झाली. तरीहि पाडापाडी थांबली नाहीं. १९६८ सालापासून मात्र यादींतील इमारतीस हात लावण्यापूर्वीं परवानगी घेणें सक्तीचें झालें. ब्लिक्लिंग या यादींत सर्वोच्च वर्गांत आहे.

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. यादी ही निषेधाची भाषा आहे : हें पाडूं नका, तें बदलूं नका. परंतु घर हें निषेधावर जगत नाहीं. शिशाचे पत्रे उन्हाथंडीनें ताणले जाऊन फाटतात आणि एका फटीतून आलेलें पाणी तुळईचें टोक कुजवितें. जुनी वीट मऊ असते. तिच्या सांध्यांत चुन्याऐवजीं सिमेंट भरलें तर ओल सांध्यांतून बाहेर पडूं शकत नाहीं, ती विटेंतून निघते आणि विटेचा दर्शनी भाग गळून पडतो. सूर्यप्रकाशानें विणलेल्या पडद्याचे रंग उडतात, म्हणून खिडक्या झांकाव्या लागतात. ओलावा फार झाला तर पुस्तकांस बुरा, फार कमी झाला तर चामड्याच्या बांधणीस भेगा. हें काम वर्षानुवर्षें, कोणाच्या डोळ्यांत न भरतां, करावें लागतें. कायद्याच्या कलमानें तें होत नाहीं. त्याला नित्याचें उत्पन्न, जाणते कारागीर आणि रोजची देखरेख लागते. कायदा वाड्यास मरूं देत नाहीं. जगवितो तो विश्वस्त.

यावर एक आक्षेप आहे आणि तो आम्हांस हलका वाटत नाहीं. हे वाडे कोणाच्या श्रमावर उभे राहिले? कुळांच्या खंडावर, आणि कित्येकांच्या बाबतींत साम्राज्याच्या लुटीवर. नॅशनल ट्रस्टनेंच २०२० सालीं आपल्या वाड्यांचा गुलामगिरीशीं व वसाहतींशीं कसा संबंध होता याचा अहवाल प्रसिद्ध केला; क्लाइव्हच्या कुटुंबाचा पोविस आणि कर्झनचें केडल्स्टन हीं नांवें त्यांत आहेत. शिवाय या योजनेनें करमाफी मिळून धनी आपल्या घरांतच राहिला, मग हा त्याग कसला, असेंहि म्हणतां येईल. या म्हणण्यांत तथ्य आहे. तरीहि आम्हांस असें वाटतें, कीं वाडा पाडल्यानें अन्याय पुसला जात नाहीं, फक्त त्याचा पुरावा पुसला जातो. आणि वाड्यांत धन्याचा गर्व जितका आहे, त्याहून अधिक लिमिंजचें, स्टॅनियनचें आणि ज्यांचीं नांवें कोणींच लिहून ठेवलीं नाहींत अशा वीटकऱ्यांचें, सुतारांचें व शिसें ओतणाऱ्यांचें कसब आहे. पूर्वीं हें कसब पाहण्याचा अधिकार आमंत्रित पाहुण्यांस होता. आज ट्रस्टचे पन्नास लाखांहून अधिक सभासद आहेत, आणि तिकीट काढून कोणीहि त्या लांब दालनांत फिरूं शकतो. गर्व गेला, कसब उरलें. हा सौदा वाईट नव्हे.

१९३८ च्या जानेवारींत लोथियनसाहेब वर्ध्याजवळ शेगांव येथें, म्हणजे आजच्या सेवाग्रामास, गांधीजींचे पाहुणे म्हणून कांहीं दिवस राहिले होते. धनिकानें आपल्या धनाचा मालक नव्हे तर विश्वस्त व्हावें, हा गांधीजींचा आवडता सिद्धांत. लोथियनसाहेबांची योजना त्यापूर्वींच सिद्ध झाली होती, तेव्हां तिचा उगम येथें शोधणें चुकीचें होईल. परंतु १२३ फूट लांब दालनाचा धनी मातीच्या कुटींत उतरतो, आणि दोघेहि यजमान-पाहुणे आपापल्या रीतीनें एकाच निष्कर्षास आलेले असतात, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यानें टिपून ठेवावी अशी आहे. आज ती कुटी जतन केलेली आहे आणि तो वाडाहि जतन केलेला आहे. दोन्हींचा आतां कोणी एक धनी नाहीं.

आमच्याकडील जुने वाडे पडतात त्याचीं कारणें निराळीं आहेत. मृत्युकर आमच्याकडे १९५३ ते १९८५ पर्यंतच होता. त्यानें जेवढे वाडे मोडले त्याहून कितीतरी अधिक भाऊबंदकीच्या वाटण्यांनीं आणि जागेच्या वाढत्या किमतीनें मोडले. चौदा हिस्सेदारांपैकीं तेरांना दुरुस्तीचा खर्च नको असतो, आणि चौदाव्याला तो झेपत नाहीं. तेथें यादींत नांव घालून काय होणार? जो वाडा राखावयाचा असेल त्याचे हिस्से प्रथम एका विश्वस्ताच्या हातीं एकत्र आले पाहिजेत, आणि वाड्याबरोबर त्याच्या छपराचा दरवर्षींचा खर्चहि कोणीतरी बांधून दिला पाहिजे. त्यावांचून वाड्याच्या दारावर लाविलेली संरक्षणाची पाटी ही, दार पडेपर्यंतच वाचावयास मिळेल.